जीर्ण श्वासविकारातील उद्रेक : उच्छ्वासाचा अवरोध

विडी-सिगारेटचा अथवा चुलीच्या धुराचा पूर्वेतिहास, वर्षानुवर्षांचा खोकला आणि पडसे झाल्यावर दोन-चार दिवसांत एकाएकी बळावलेला दम, हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आधुनिक वैद्यक यास सीओपीडीचा उद्रेक म्हणते. त्यात श्वसनक्रिया नेमकी कशी बिघडते, ते येथे पाहू.

‘श्वास घेता येत नाही’ असे रुग्ण सांगतो. मूळ अडचण मात्र श्वास सोडण्यात असते. जंतुसंसर्गाने अथवा प्रदूषणाने श्वासनलिकांना सूज येते, कफ दाटतो व मार्ग अधिकच अरुंद होतो. मिनिटाला १५ श्वास चालू असता प्रत्येक श्वासोच्छ्वासास ४ सेकंद मिळतात. गती ३० झाली की २ सेकंदच उरतात. हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वी पुढचा श्वास सुरू होतो. परिणामी हवा आत साचते, छाती फुगते आणि श्वासपटल सपाट होऊन त्याचे बळ घटते. रुग्ण जितकी घाई करतो, तितका अधिक अडकतो. तमकश्वासाचा रुग्ण आडवा होऊ शकत नाही, बसल्याने त्यास बरे वाटते, हे चरकसंहितेतील निरीक्षण येथे तंतोतंत जुळते.

श्वसनाचे स्नायू थकले की रक्तात कार्बन डायऑक्साईड वाढतो व गुंगी येते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वृद्धास आणले गेले. ‘रात्रभर तळमळले, पहाटेपासून शांत आहेत,’ असे मुलगा म्हणाला. क्षणभर आम्हांसही हायसे वाटले. परंतु ओठ निळसर होते आणि हाकेस उत्तर येत नव्हते. त्यांना तत्काळ रुग्णालयात हलविले, म्हणूनच ते वाचले.

सबब, वाक्य एका दमात पुरे न होणे, ओठ-नखे निळसर होणे, गुंगी वा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही आढळल्यास काढा-आसवांत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. झोपेचे औषध देऊ नये. चालू असलेले इनहेलर बंद करू नये. प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो. या रुग्णांत त्याचे रक्तातील प्रमाण ८८ ते ९२ टक्के राखतात, कारण अतिरेकाने कार्बन डायऑक्साईड आणखी वाढू शकतो.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनाही एक विनंती. एकच ग्राहक आठवड्यात दुसऱ्यांदा खोकल्याचे औषध अथवा इनहेलर मागू लागला, तर बाटली हाती देण्यापूर्वी दम वाढला आहे का, एवढे अवश्य विचारावे आणि त्यास वैद्याकडे धाडावे.