रेडिएटरला हळद? नको रे बाबा!

वीकेंडला बाईक तर सगळेच काढतात. पण आजोबांचा लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज ट्रक तुमच्या दारात उभा असेल, तर तुमची स्टाईलच वेगळी! टेल्को आणि डाइम्लर-बेंझची ही दोस्ती १९५४ ते १९६९ चालली. म्हणजे त्यातला सगळ्यात धाकटा ट्रकही आज पन्नाशीपार. रेडिएटर गळणारच.

आता सीन असा. मे महिना, छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाताना चौक्याचा घाट आणि टेम्परेचरचा काटा वर वर. जुने ड्रायव्हर अशा वेळी रेडिएटरमध्ये चक्क हळद टाकतात. गळती थांबतेही. पण हीच हळद पुढे नळ्या तुंबवते. इंजिन जास्त तापून हेड वाकलं, की खिशाची वाट! (आणि हो, तापलेलं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर येतं.)

मग नवा अॅल्युमिनियमचा बसवायचा? थांबा. तुमचा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे. कारागीर त्याची तोंडं बंद करतो, आत हवा भरतो आणि पाण्यात बुडवतो. बुडबुडे आले तिथे सोल्डर. टाकी काढून नळ्यांतून सळई फिरवली, की साचलेला क्षारही निघतो. बोअरच्या पाण्याची कृपा, दुसरं काय! हल्लीच्या प्लास्टिक टाकीचे एवढे लाड होत नाहीत, तडकली की सहसा बदलाच.

जाळीच सडली असेल, बोट लावताच पापुद्रे सुटत असतील, तर मात्र हट्ट नको. टाक्या जुन्याच ठेवून नवी जाळी बसवून घ्या. समोरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यानंतर बोअरचं पाणी बंद, कूलंटच भरायचं.