यंत्रावरील भरतकाम : कापडाची निवड व यंत्राची जुळणी

नागपूरच्या महालात व आसपासच्या वस्त्यांत भोसल्यांच्या काळापासून हातमागावर लुगडी विणली गेली. अशा तलम सुती लुगड्यावर यंत्राने दाट भरतकाम केल्यास नक्षीभोवती चुण्या पडतात व घरातील मोलाचे वस्त्र वाया जाते. याचे कारण असे की, प्रत्येक टाका कापडाचे धागे किंचित बाजूस सारतो व ओढतो. विरळ विणीस तो ताण सोसत नाही. म्हणून तलम कापडासाठी रेषांची नक्षी निवडावी. भरीव नक्षी मांजरपाट किंवा जाड खादीवर काढावी. नवे सुती कापड आधी धुवावे. ते मागाहून आटल्यास नक्षी आखडते.

तलम कापडास ११, मध्यम कापडास १४ व जाड कापडास १६ क्रमांकाची सुई लावावी. कापड रिंगेत ताठ बसवावे, परंतु ओढू नये. खाली पातळ कागद ठेवून शेवटी तो अलगद फाडावा. बॉबिनचा धागा वर दिसू लागल्यास वरच्या धाग्याचा ताण थोडा कमी करावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर प्रथम नमुना करवून घ्यावा. तो धुऊन वाळल्यावर सपाट राहिला, तरच लुगड्यास हात घालू द्यावा.