शहरात टिकलेली गावकी

आयर्लंड हा दुधदुभत्याचा देश. त्याच्या दक्षिण टोकाला कॉर्क नावाचा मोठा परगणा आहे. गवत, गायी आणि पाऊस या तिन्हींना तिथे तोटा नाही. या परगण्याचे मुख्य शहरही कॉर्कच. ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी तुम्ही तिथे गेलात, तर ली नदीच्या कडेने माणसांची रीघ लागलेली दिसेल. निम्म्यांच्या अंगावर निळा रंग, निम्म्यांच्या काळा-हिरवा. आज सेंट फिनबार्स आणि नीमो रेंजर्स यांची गाठ आहे असे खुशाल समजा, आणि तिकीट काढून ‘पार्क ई क्वीव’ या मैदानात शिरा.

आत निळ्यांची बाजू वेगळी, काळ्या-हिरव्यांची वेगळी, असे काही नसते. शेजारी बसलेली आजीबाई विरुद्ध पक्षाची निघेल आणि तासभर तुमच्या कानाशी ओरडेल.

खेळाचे नाव गेलिक फुटबॉल. चेंडू व्हॉलीबॉलएवढा, हाताने झेलायचा, पायानेही मारायचा. हातात धरून चार पावलांपुढे जाता येत नाही. मग तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायाच्या बोटांवर टेकवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. लागोपाठ दोनदा मात्र आपटायचा नाही. बाजूला पंधरा-पंधरा गडी, आणि तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. दोन उंच खांबांमध्ये आडवी दांडी असते. चेंडू दांडीखाली जाळ्यात गेला की तीन गुण आणि हिरवे निशाण. दांडीवरून गेला की एक गुण आणि पांढरे निशाण. २०२५ पासून चाळीस मीटरच्या रेषेबाहेरून वरून मारला तर दोन गुण मिळतात, तेव्हा निशाण नारिंगी. फलकावर १-१२ दिसले तर बुचकळ्यात पडू नका. एक गोल म्हणजे तीन, वर बारा, एकूण पंधरा.

एवढे समजले की पुरे. बाकीचे आजीबाई सांगतील.

आता खरी गोष्ट. या गड्यांना खेळाचा एक पैसाही मिळत नाही. १८८४ साली थर्ल्स गावी या खेळांची संघटना निघाली, तेव्हापासूनची ही रीत आहे. कोणी मास्तर, कोणी सुतार, कोणी कचेरीतला. ज्या वस्तीत जन्मलात, तिच्याच संघातून खेळायचे. पैसे मोजून गडी पळवण्याची सोय नाही, म्हणून तर ही चुरस इतकी कडू. हरलेल्याला सोमवारी जिंकणाऱ्याच्याच शेजारी कामाला बसायचे असते!

सेंट फिनबार्स १८७६ चा. नाव शहराच्या संताचे. नीमो १९२२ चा. लॅटिनमध्ये ‘नीमो’ म्हणजे ‘कोणीच नाही’, आणि या ‘कोणीच नाही’ने देशातल्या संघांचे अजिंक्यपद सात वेळा नेले आहे. निळ्यांनी ते तीनदा नेले, १९८०, १९८१ आणि १९८७ साली. २०१७ आणि २०२२ च्या परगण्याच्या अंतिम सामन्यांत दोघे समोरासमोर आले, आणि दोन्ही वेळा नीमो सरस ठरले.

पण परगण्याचा तांबडा सदरा अंगात आला की वैर बाजूला राहते. १९७३ साली कॉर्कने देशाचा करंडक जिंकला, तेव्हा कप्तान नीमोचा गोलरक्षक बिली मॉर्गन होता, आणि अंतिम सामन्यात दोन गोल मारणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता जिमी बॅरी-मर्फी, सेंट फिनबार्सचा.

शहरातल्या संघांना पोरांची वाण नाही. खेड्यांचे तसे नाही. पोरे नोकरीसाठी डब्लिनला किंवा परदेशी जातात आणि पंधरा गडी जमवताना गावाच्या नाकी नऊ येतात. काही पोरे सरावासाठी शेकडो किलोमीटर गाडी हाकत घरी येतात, तर कुठे शेजारची दोन गावे मिळून पोरांचा एक संघ उभा करतात. कॉर्कवाल्यांनी एक तोड काढली आहे. लहान गावांतले चांगले गडी एकत्र करून विभागाचा संघ बांधायचा आणि शहरवाल्यांसमोर उभा करायचा. दुहॅलो हा असाच एक विभाग. १९९१ साली त्याने परगण्याचा करंडक नेला. २०१९ साली तो पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण समोर नीमो होते.