आजींच्या उशाशी यंत्र

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना पेसमेकर बसवलाय. तपासणीला दोन एसट्या बदलून जायचं, म्हणजे सुनेचा खाडा ठरलेला. यंदा डॉक्टरांनी उशाशी ठेवायला एक यंत्र दिलं. आम्ही मुद्दाम बघायला गेलो.

रात्री आजी झोपल्या की ते पेसमेकरकडून बिनतारी माहिती घेतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून दवाखान्याला पाठवतं. बॅटरी किती उरली, हृदयात गेलेली तार नीट आहे का, ठोके मध्येच बिघडले का. बॅटरी उतरत आलेली बाहेरून दिसत नाही, ती अशी वेळेत कळते. तपासणीच्या काही खेपा वाचतात, सगळ्या नाही हं.

एकदा नातवाने मोबाइल चार्जिंगला लावायला यंत्राची पिनच काढली. आठवडाभर माहिती गेली नाही, दवाखान्यातून फोन आला तेव्हा कळलं! आता त्या बोर्डाला कुणी हात लावत नाही.

रात्री ती माहिती कुणी डोळ्यात तेल घालून बघत बसलेलं नसतं. चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं तर यंत्राच्या भरवशावर थांबू नका, लगेच १०८ लावा.

प्रत्येक पेसमेकरला ही सोय नसते. बसवण्याआधीच विचारा, आणि यंत्राचे पैसे वेगळे पडतात का, तेही.