व्हिसा रद्द झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

परदेशी माणसाने गुन्हा केला की त्याचा व्हिसा रद्द होतो आणि पुढच्या विमानाने त्याची रवानगी होते, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा ठरवते न्यायालय, व्हिसा देणे आणि काढून घेणे सरकारच्या हातात असते, आणि देशाबाहेर काढणे ही तिसरी, स्वतंत्र कारवाई. एकीचा निकाल लागला म्हणून दुसरीचा आपोआप लागत नाही.

याचे सर्वात बोलके उदाहरण आपल्याच खंडपीठातले आहे. हिंगोली जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतो. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत, केंद्रीय गृह मंत्रालयाने तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेशी संबंधित ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकून त्यांचे पर्यटक व्हिसा रद्द केले. तेव्हा एकाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. अहमदनगर जिल्ह्यात व्हिसाच्या अटी मोडल्याचे आणि साथ पसरवल्याचे गुन्हे दाखल झालेले परदेशी नागरिक या खंडपीठापुढे गेले. त्यांत आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांचे लोक होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने धार्मिक स्थळी जाणे, प्रवचन ऐकणे याला व्हिसाच्या नियमांत बंदी नव्हती, हे निकालात नोंदवले गेले आणि या लोकांना बळीचा बकरा केले गेले असावे, असेही म्हटले गेले. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी निकालाला संमती दिली, काही निरीक्षणांशी मात्र असहमती दर्शवली.

व्हिसा आधी गेला, काळ्या यादीत नाव आधी आले, आणि गुन्हा टिकत नाही हे नंतर ठरले. हा क्रम लक्षात ठेवला, तर ‘व्हिसा रद्द केला म्हणजे काहीतरी केलेच असेल’ असे आपण बोलणार नाही. मला हे वाक्य फार घातक वाटते. पोलिसांनी दाखल केलेली फिर्याद आणि न्यायालयाने दिलेला निकाल यांतले अंतरच ते पुसून टाकते.

मग सरकारला हा अधिकार असतो का? असतो, आणि मोठा असतो. १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळपास अमर्याद असल्याचे म्हटले. १९९१ च्या एका निकालाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण देणारे राज्यघटनेचे २१ वे कलम परदेशी माणसालाही लागू आहे. भारतात राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क मात्र फक्त नागरिकाचा. म्हणजे त्याला जायला सांगता येते, पण कायदा बाजूला ठेवून वागवता येत नाही.

‘गुन्हा केला की लगेच हाकलतात’ हेही बहुधा उलटेच असते. खटला चालू असेल तर आरोपीला न्यायालयाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नाही. अमली पदार्थांच्या प्रकरणांत जामिनावर सुटलेले परदेशी आरोपी व्हिसा संपूनही इथेच अडकून राहतात, कारण न्यायालयाला ते हजर हवे असतात. परदेशी आरोपीला जामीन मिळाला की त्याची खबर परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले, ते यासाठीच.

हा नोंदणी अधिकारी कुठे दूर दिल्लीला बसत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडेच असते. लॉजवाले ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात, त्यात परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार, ही माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. हे फक्त हॉटेलांपुरतेच आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात धर्मशाळा, रुग्णालय, वसतिगृह, इतकेच काय घरी उतरलेला परदेशी पाहुणाही यात येतो. औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पामुळे परदेशी शास्त्रज्ञांची ये-जा वाढेल, म्हणून औंढ्याच्या लॉजमालकांनी हे आत्ताच शिकून घ्यावे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिले तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या नातेवाइकांना वाटते की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड म्हणजे आयुष्यभराची हमी. तसे नाही. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली, किंवा सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले, तरी हे कार्ड रद्द होऊ शकते.

आता आपली मुले. हिंगोली, वसमत, कळमनुरीतून शिकायला अमेरिकेला गेलेल्यांच्या आईवडिलांनी हा भाग नीट वाचावा. ‘केस निकाली निघाली, आता काही होत नाही’ हा समज २०२५ मध्ये हजारोंना महागात पडला. अमेरिकी यंत्रणेने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावे एफबीआयच्या गुन्हेविषयक माहितीकोशाशी ताडून पाहिली आणि सुमारे ६,४०० नावे जुळली. त्यांतल्या हजारोंच्या विद्यार्थी नोंदी बंद केल्या गेल्या. अनेकांवरचे आरोप आधीच मागे घेतलेले होते. विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि एप्रिलअखेर सरकारला नोंदी पूर्ववत कराव्या लागल्या.

तिथे व्हिसा आणि मुक्कामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा हा देशात प्रवेश करण्यासाठी. मुक्कामाची परवानगी विद्यार्थी नोंदीवर टिकते, म्हणून व्हिसा रद्द झाला तरी ती नोंद चालू असेल, तर शिक्षण चालू राहू शकते. पण एकदा बाहेर पडले, की नवा व्हिसा मिळेपर्यंत परत जाता येत नाही. नोंदही बंद झाली तर प्रश्न गंभीर होतो. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, दोष सिद्ध झाला नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. दुकानातल्या चोरीबाबत तर दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासाने २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

‘दूतावास सोडवून आणेल’ ही आशाही बाळगू नका. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वाणिज्य दूताला भेटण्याचा हक्क दिला आहे. दूत भेटतो, वकील सुचवतो, घरी कळवतो. न्यायालयाच्या कामात तो हस्तक्षेप करू शकत नाही.

मुलाचा फोन आला, ‘किरकोळ केस आहे, गुन्हा कबूल करून दंड भरून टाकतो’ असे तो म्हणाला, तर त्याला थांबवा. त्या कबुलीने व्हिसावर काय परिणाम होईल, हे आधी वकिलाला विचारायला सांगा. कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकत असेल, तर तसे अशिलाला सांगणे हे अमेरिकेतल्या फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवून दिले आहे.