चोरीची बंदूक व घेणाऱ्याचें ज्ञान

एखाद्याच्या घरीं बंदूक सांपडली, आणि ती दुसऱ्याच्या घरांतून चोरीस गेलेली होती हेंही ठरलें. तथापि ती चोरीची असल्याचें त्यास ठाऊक होतें, हें तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांस दिसतात. तिसरी माणसाच्या मनांत असते, आणि मनाचा पंचनामा करतां येत नाहीं. जुनीं शस्त्रें व दप्तरें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न परका नसल्यामुळें त्याचा थोडक्यांत विचार करूं.

ही अडचण प्राचीन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत अस्वामिविक्रयाचें प्रकरण आहे. मालक नसलेल्यानें विकलेली वस्तु मूळ धन्यास परत मिळावी, हा तेथील नियम. खरेदीदाराविषयीं मात्र स्मृतिकार त्याचें मन शोधीत बसत नाहींत. ते व्यवहाराच्या खुणा पाहतात. ज्यापाशीं ती वस्तु येण्याचें साधन नाहीं अशापासून घेतली, एकांतांत घेतली, हलक्या किमतीस घेतली, अवेळीं घेतली, तर घेणारा चोर समजावा. उलट, त्यानें विकणारा दाखवून दिला तर तो शुद्ध होतो.

पुढें १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४११ व्या कलमानें हाच विषय निराळ्या शब्दांत मांडला. माल चोरीचा आहे हें जाणून, किंवा तसें मानण्यास कारण असतां, जो तो अप्रामाणिकपणें घेतो किंवा ठेवतो तो अपराधी. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय न्यायसंहितेच्या ३१७ व्या कलमांत आहे. ‘मानण्यास कारण’ हे शब्द आले ते मनाचा प्रत्यक्ष पुरावा मिळत नाहीं म्हणूनच. स्मृतींतील खुणा आजही न्यायाधीशाच्या उपयोगी पडतात त्या येथें.

दुसरें साहाय्य १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें दिलें. चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यांत माल सांपडला व ज्यास त्याचा उलगडा करतां येत नाहीं, तो चोर किंवा जाणून घेणारा आहे, असें न्यायालयास गृहीत धरतां येतें. धरलेंच पाहिजे असें नाहीं. दुकानदाराच्या गल्ल्यांत खुणेचा रुपया सांपडला, पण दिवसभर रुपये घेणारा तो कोणाचा हें कसें सांगणार, असें उदाहरण कायद्यानेंच दिलें आहे. ‘लवकर’ म्हणजे किती दिवस, यास ठराविक मुदत नाहीं. वस्तु सहज हातोहात फिरणारी आहे कीं नाहीं हें पाहावें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८३ सालीं म्हटलें.

बंदूक ही रुपयाप्रमाणें फिरत नाहीं. तिला परवाना लागतो, तिच्यावर कारखान्याचें नांव व क्रमांक असतो. म्हणून येथें ज्ञान सिद्ध करणें सोपें, असें प्रथम वाटतें. परंतु अडचण येथेंच वाढते. परवान्यावांचून बंदूक ठेवणें हा १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याचा स्वतंत्र अपराध आहे. त्यांतही ताबा जाणिवेचा असावा लागतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं ठरविलें. बिनपरवान्याची बंदूक जो जाणून ठेवतो, त्यास ती चोरीची असल्याचें ज्ञात असेलच असें नाहीं. त्यानें ती माळ्यावर लपविली, तर परवान्याच्या भीतीनें कीं चोरीच्या? क्रमांक खरडलेला असेल तर तो त्यानेंच खरडला, असें त्या कायद्याचें ८ वें कलम उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरतें. पण तेवढ्यानें चोरीचें ज्ञान आपोआप ठरत नाहीं. सारांश, चोरीच्या इतर मालांत जें लपविणें ज्ञानाची साक्ष देतें, तेंच बंदुकीच्या बाबतींत द्व्यर्थी होतें.

आतां संग्राहकांकडे वळूं. प्राचीन घडणीचें अथवा पुरातन मोलाचें, आणि दुरुस्तीनेंही डागतां न येणारें हत्यार ४५ व्या कलमानें या कायद्यांतून सुटतें. तोड्याच्या जुन्या बंदुकीस मग परवाना नाहीं. क्रमांकही बहुधा नसतोच. तिच्या मागील धन्यांची साखळी दाखविणारा सरकारी कागद कोणताच उरत नाहीं. चोरीच्या कायद्यांतून मात्र ती सुटलेली नाहीं. शिवाय ‘घेतो किंवा ठेवतो’ या शब्दांमुळें, घेतेवेळीं अजाण असलेला मनुष्यही पुढें सत्य कळल्यावर ती अप्रामाणिकपणें दडवून ठेवील तर दोषी ठरतो. पोथी, ताम्रपट, कागदांचे रुमाल यांसही हेंच लागू.

यास्तव आमची सूचना एवढीच: वस्तु घरांत येतांच कोणापासून, कोठें, केव्हां, किती किमतीस आली याचें टिपण करावें, विकणाऱ्याची सही घ्यावी, आणि तो कागद वस्तूबरोबर जपावा. विकणारा सही देण्यास कां कूं करील, तर ती वस्तु, कितीही दुर्मिळ असो, परत करावी. जें टिपण आज निर्दोष संग्राहकाचें रक्षण करील, तेंच उद्यांच्या संशोधकास त्या वस्तूचा इतिहास सांगेल.