न्यूग्रेंज : दंतकथेपासून पुराव्यापर्यंत

‘महापाषाणीय’ ही संज्ञा बांधणीचा प्रकार सांगते, काळ नव्हे. विदर्भातील जुनापाणी येथील महापाषाणीय शिलावर्तुळे लोहयुगातील आहेत. आयर्लंडमधील न्यूग्रेंजचे थडगे मात्र नवाश्मयुगातील, म्हणजे तेथे धातूचा वापर सुरू होण्यापूर्वीचे आहे. लोकपरंपरेकडे अभ्यासकाने कसे पाहावे, हे या थडग्याच्या उदाहरणातून आपण समजून घेऊ.

बॉइन नदीच्या खोऱ्यात दगडमातीचा सुमारे ८५ मीटर व्यासाचा हा उंचवटा आहे. त्याच्या पायथ्याशी ९७ शिळांचे कडे आहे. आतील सुमारे १९ मीटर लांबीचा अरुंद मार्ग तीन कोनाड्यांच्या दालनात पोहोचतो. छताच्या सांध्यांत भरलेल्या जळक्या मातीच्या कार्बन-१४ कालमापनावरून हे बांधकाम इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे ठरते. दालनात माणसांची जळालेली व न जळालेली हाडे, तसेच मणी आणि लोलक सापडले. म्हणून ते थडगे मानले जाते.

मायकेल ओ’केली यांनी १९६२ ते १९७५ या काळात येथे उत्खनन केले. उगवत्या सूर्याचा किरण वर्षातून एकदा दालनात शिरतो, अशी परिसरातील समजूत त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी ती भाबडी म्हणून झिडकारली नाही आणि खरी म्हणून स्वीकारलीही नाही. मार्गाचे तोंड आग्नेयेस आहे आणि ऐन हिवाळ्यात सूर्य त्याच दिशेला उगवतो. शिवाय प्रवेशद्वाराच्या वर एक झरोका आढळला होता. २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ते दालनात जाऊन थांबले. सूर्य उगवला आणि झरोक्यातून आलेला किरण दालनापर्यंत पोहोचला.

येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. किरण आत येतो, हे निरीक्षण. झरोका त्यासाठीच बांधला, हे सबळ अनुमान. मृतांच्या पुनर्जन्मासाठी ही योजना होती, ही केवळ कल्पना. हाच निकष संशोधकालाही लागू होतो. दर्शनी बाजूची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत ही ओ’केलींच्या अनुमानावर आधारलेली आधुनिक पुनर्रचना आहे. त्या गारगोट्या मुळात जमिनीवर पसरलेल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात.

आपली प्रगती तपासा : तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची दंतकथा निवडा. तिच्यातील कोणते विधान प्रत्यक्ष तपासता येईल आणि कसे, ते लिहा.